दिवस नीट निवडला, की अर्धी सहल झाली

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सहल समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोसायटीला पंचवीस वर्षं झाली म्हणून सगळ्यांनी मिळून एक सहल काढायची, हे मागच्या सभेत ठरलं. कुठं जायचं यावर बरीच चर्चा झाली. शेवटी सहल समितीनं मालवणचं नाव पुढं केलं. सिंधुदुर्ग किल्ल्याचं बेट बघायचं आणि त्याच्याजवळच्या उथळ पाण्यात स्नॉर्कलिंग करायचं, असा बेत आहे. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि मालवणला दोनदा जाऊन आलो, म्हणून हा विषय समितीनं माझ्या गळ्यात टाकला.

बेत बाहेर फुटल्यावर शेजारचे एक मामा मला म्हणाले, "गुरुजी, इथं नळाला पाणी कधी येतंय याची वाट बघायची, आन् तुमी पाण्यात डोकं घालायला साडेचारशे किलोमीटर चाललाव व्हय?" त्यांचं खरं आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे माकणीचं धरण, नाही तर पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यात पडणारा नर-मादी धबधबा. आपल्या सोसायटीत सत्तरी ओलांडलेली अशी माणसं आहेत की ज्यांनी अजून समुद्र बघितलेला नाही. म्हणूनच हा बेत मला महत्त्वाचा वाटतो. आणि म्हणूनच तो नीट आखला पाहिजे, कारण ज्याला समुद्राची सवय नाही त्यानं समुद्राकडं घाईनं जाऊ नये.

आधी स्नॉर्कलिंग म्हणजे काय ते सांगतो. बरेच जण त्याला स्कूबा समजतात. स्कूबामध्ये पाठीवर हवेची टाकी बांधून खोल जातात. स्नॉर्कलिंगमध्ये खोल जायचंच नसतं. अंगात लाइफ जॅकेट घालायचं, डोळ्यांना आणि नाकाला झाकणारा काचेचा मास्क लावायचा, तोंडात एक वाकडी नळी धरायची आणि पाण्यावर पालथं पडून खाली बघायचं. नळीचं वरचं टोक पाण्याबाहेर असतं, श्वास तोंडानं चालू राहतो. पोहता येत नसलं तरी चालतं, कारण जॅकेट तुम्हाला बुडू देत नाही आणि तिथला माणूस तुमचा हात किंवा रिंग धरून बरोबर असतो. पहिली दोन मिनिटं छातीत धडधडतं. मग आपल्याच श्वासाचा आवाज कानात घुमायला लागतो, आणि खाली काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे दगडांवरून असे फिरतात, जसे आपल्या चौकातून लोक कामाला निघालेत.

आता मालवणच का? स्नॉर्कलिंगसाठी लोक अंदमानला जातात, लक्षद्वीपला जातात. आपल्या जवळ म्हणाल तर गोव्यात ग्रँड आयलंड आहे, कर्नाटकात मुरुडेश्वरसमोर नेत्राणी बेट आहे. पण त्या ठिकाणी बोटीचा प्रवास लांबचा. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाचं बेट बोटीनं दहा-पंधरा मिनिटांवर आहे. ज्येष्ठ माणसं किल्ला बघतील, तरुण मंडळी पाण्यात उतरतील, आणि दोघं एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहतील. कुटुंबाच्या सहलीला दुसरं काय पाहिजे?

किल्ल्याबद्दल थोडं सांगतो, कारण मुलांनी जाण्याआधी हे वाचलेलं असावं. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याची पायाभरणी केली आणि सुमारे तीन वर्षांत तो उभा राहिला. तटाची लांबी तीन किलोमीटरच्या आसपास आहे. आत राजाराम महाराजांच्या काळात बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. पण आपल्या दुष्काळी मुलखातल्या माणसाला तिथं सगळ्यात नवल वाटेल ते तीन विहिरींचं. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधे गोड पाण्याच्या विहिरी! जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात सिंधुदुर्ग आहे. तेव्हापासून या किल्ल्याचं नाव आणखी लांबवर गेलं आहे. म्हणजे गर्दीचा विचार आता आधीच करायला हवा.

इथून पुढं माझ्या बोलण्याचा मुख्य भाग आहे. आपण सहल ठरवताना आधी ठिकाण ठरवतो, मग गाडी ठरवतो आणि तारीख शाळेच्या सुट्टीवर सोडून देतो. समुद्राच्या सहलीत हा क्रम उलटा पाहिजे. आधी दिवस. दिवस नीट निवडला तर पाणी स्वच्छ मिळतं, समुद्र शांत मिळतो, खोल्या परवडतात, आणि बोटवाल्याला तुमच्याकडं लक्ष द्यायला वेळ असतो. दिवस चुकला तर पैसे जास्त जाऊनही यातलं काहीच मिळत नाही.

वर्षाचं गणित असं आहे. जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत पावसाळ्यामुळं तिथला जलपर्यटनाचा धंदा बंद असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बोटी सुरू होतात, पण नद्या आणि खाड्यांचा गाळ अजून खाली बसलेला नसतो, म्हणून पाणी गढूळ. दिवाळीच्या सुट्टीत तोबा गर्दी. नाताळ ते नवीन वर्ष, त्याहून गर्दी. शिवाय आपली येळवस बरेचदा त्याच सुमाराला येते. ज्या दिवशी शेतात आंबील-भज्जीला पाव्हणे बोलवायचे, त्या दिवशी सोसायटी मालवणात, हे कुणालाच पटणार नाही. फेब्रुवारीत पाणी चांगलं असतं, पण दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. शिवाय मालवणजवळ आंगणेवाडीला भराडी देवीची मोठी जत्रा भरते, तिची तारीख आधी ठरलेली नसते, दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरवतात. त्या दिवसांत मालवणात खोली मिळणं अवघड. एप्रिल-मे म्हणजे उकाडा, सुट्टीची गर्दी, आणि मेच्या शेवटी वारा फिरायला लागतो.

राहिला तो काळ म्हणजे दिवाळीची सुट्टी संपल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा, आणि त्यातही सोमवार ते गुरुवार. गाळ बसलेला, वारा बेताचा, पाणी डिसेंबरातही कोमट आणि गर्दी नाही. समितीनं कार्तिक वद्य अष्टमीच्या आसपासचे दिवस सुचवले आहेत. तेव्हा सोयाबीनची रास झालेली असते, ज्वारीची पेरणी उरकलेली असते. चातुर्मास संपलेला असतो आणि मार्गशीर्षाचे गुरुवार सुरू व्हायचे असतात. म्हणजे ज्यांना सुरमईचं ताट खायचं त्यांना कुणाचा उपास आडवा येणार नाही. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी सोलकढी, काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी आहेच.

आता काही जण विचारतील, गुरुजी, अष्टमीच का? हे मुलांनी नीट ऐका. आपल्या घरातलं कॅलेंडर आपण एकादशी-चतुर्थीसाठी बघतो. कोकणातला मच्छीमार तीच तिथी भरती-ओहोटीसाठी बघतो. त्यांचा जुना हिशेब आहे: तिथीला तीननं गुणा आणि चारनं भागा, जो आकडा येतो ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास भरती, त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी, दुपारी बाराच्या पुढं-मागं ओहोटी. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. म्हणजे दुपारी भरती. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. हा ढोबळ हिशेब आहे, नेमकी वेळ धक्क्यावर विचारून घ्यायची.

पण महत्त्वाची गोष्ट वेळेपेक्षा वेगळी आहे. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते, त्याला उधाण म्हणतात. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, प्रवाह जोरात वाहतात आणि तळातली वाळू उठते. अष्टमीला ही ओढ एकमेकींना काटकोनात येते, त्याला भांग म्हणतात. चढ-उतार कमी, प्रवाह मंद, पाणी नितळ. नवख्या माणसानं पाण्यात उतरायचं ते भांगाच्या दिवशी. ही मच्छीमारांची अक्कल आहे, आपण फक्त ती वापरायची.

दिवस आपण निवडला तरी शेवटचा शब्द समुद्राचा असतो. नोव्हेंबर-डिसेंबर बहुतेक वेळा शांत जातो, पण नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आणि डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळ याच दिवसांत आलं होतं. म्हणून निघायच्या आधी चार दिवस हवामान खात्याचा अंदाज रोज बघायचा. बंदरावर धोक्याचा बावटा लागला असेल तर बोटीत बसायचं नाही. त्या दिवसासाठी धामापूरचा तलाव, भगवतीचं देऊळ आणि किनाऱ्यावरची रापण हा दुसरा बेत समितीनं तयार ठेवला आहे. बोट रद्द झाली तर पैसे परत मिळतील, हे आगाऊ रक्कम देतानाच लिहून घेणार आहोत.

मी हे एवढं लावून धरतो, त्याला कारण आहे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. मे महिन्याचा शेवट, म्हणजे हंगाम बंद व्हायच्या तोंडावरचे दिवस. आपल्या या मुलखानं ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट बघितली आहे. सास्तूर-किल्लारी पट्ट्यातल्या माणसाला मी निसर्गाबद्दल काय सांगणार? पण एक फरक आहे. भूकंप सांगून आला नाही. समुद्र मात्र बरंच काही आधी सांगतो. महिना सांगतो, तिथी सांगते, वारा सांगतो, बावटा सांगतो. सांगूनही ऐकलं नाही, असं आपल्या सोसायटीकडून व्हायला नको.

आता प्रत्यक्ष कार्यक्रम. सोमवारी पहाटे पाचला लोहाऱ्यातून निघायचं. नळदुर्ग, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूर, आणि तिथून घाट उतरून कोकणात. घाट उजेडात उतरायचा, रात्री नाही. कुठला घाट चालू आहे हे आदल्या दिवशी चालकानं विचारून ठेवायचं. मुक्काम मालवणात किंवा तारकर्लीत निवास-न्याहारीच्या घरांमध्ये.

मंगळवार समुद्राचा. साडेसहाला हलकी न्याहारी. आठ वाजता धक्क्यावर. सकाळी वारा पडलेला असतो, दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि लाटा वाढतात, म्हणून पाण्यातलं काम साडेदहाच्या आत उरकायचं. स्नॉर्कलिंग करणाऱ्यांचे गट करायचे, आठ-आठ जणांचे, प्रत्येक गटाला एक जबाबदार माणूस. बाकीची मंडळी तेवढ्या वेळात किल्ल्यात. नंतर दोन्ही गट किल्ल्यातच एकत्र यायचे, ज्यांचं पाण्यातलं झालं त्यांनी किल्ला बघायचा. एकला जेवण, मग आराम, आणि संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव बघायचा. आपल्या आठवडी बाजारापेक्षा तो किती वेगळा आणि किती सारखा आहे, ते मुलांनी लिहून आणावं. बुधवारी परत, वाटेत कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन. मुलांची तीन दिवस शाळा बुडेल. मुख्याध्यापकांशी मी आधीच बोलणार आहे. भरती-ओहोटीचा एवढा चांगला धडा वर्गात शिकवता येत नाही, हे मी शिक्षक म्हणून सांगतो.

तयारीच्या काही गोष्टी. मास्क चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. मोठ्या मिशा असल्या तर कडेनं पाणी आत येतं. आपल्याकडच्या मिशीवाल्या मंडळींनी वरच्या ओठाला थोडं व्हॅसलीन लावावं. मिशी काढा असं मी म्हणणार नाही, घरी जायचंय मला! चष्मा मास्कच्या आत बसत नाही. काचेवर वाफ धरू नये म्हणून आत थुंकी चोळून खळाळतात, त्याची किळस करू नका. तोंडानं श्वास घ्यायची सवय घरीच करा. बादलीत तोंड बुडवून नळीनं दोन मिनिटं श्वास घेता आला, की निम्मी भीती जाते. आपली पोरं विहिरीत पोहतात, त्यांचा भरवसा मोठा असतो. पण विहिरीतलं पाणी वाहत नाही, समुद्रातलं वाहतं. पट्टीच्या पोहणाऱ्यानंसुद्धा जॅकेट काढायचं नाही.

बायकांनी एक अडचण माझ्या घरी बोलून दाखवली, ती इथं मोकळेपणानं सांगतो. साडी नेसून पाण्यात उतरता येत नाही. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग चालतं, उन्हापासूनही बचाव होतो. मंगळसूत्र, पाटल्या मुक्कामालाच पिशवीत ठेवा. महिलांचा गट वेगळा करू, बोटही वेगळी घेऊ. कुणी संकोचामुळं काठावर बसू नये.

दमा, हृदयविकार, फिट येणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण, वाहणारा कान, जोराची सर्दी, यांपैकी काही असेल तर पाण्यात उतरायचं नाही. शंका असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून या. दहा वर्षांखालच्या मुलांनी या वेळी बोटीतून बघायचं, हा समितीचा नियम आहे, रडारड चालणार नाही. दारू आणि तंबाखू त्या दिवशी बंद.

बोट घेताना तीन प्रश्न विचारायचे. मेरीटाइम बोर्डाकडं नोंदणी आहे का? किती माणसांची परवानगी आहे? लहान मुलांच्या मापाची जॅकेटं आहेत का? परवानगीपेक्षा एकही माणूस जास्त बसला तर आपण उतरायचं. गर्दीच्या दिवशी असा आग्रह धरला तर मागचा गट पुढं घुसतो. मंगळवारी सकाळी धरला तर बोटवालाही ऐकतो. कमी गर्दीच्या दिवसाचा हा सगळ्यात मोठा फायदा.

पाण्याखाली काय दिसेल? मालवणच्या समुद्राचा सुमारे २९ चौरस किलोमीटर भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तिथल्या खडकांवर प्रवाळ आहेत. प्रवाळ म्हणजे दगड नाही, झाड नाही, तो बारीक जिवांचा समूह आहे. एक जीव दुसऱ्याला चिकटून घर करतो, त्यावर तिसरा, असं करत वसाहत उभी राहते. काही जातींना बोटभर वाढायला कित्येक वर्षं लागतात. एका माणसाचा पाय पडला की ते क्षणात मोडतं. म्हणून दमलात तर पालथे तरंगत राहा, पण तळावर उभं राहू नका. काही उचलून आणू नका. वन्यजीव कायद्यानं प्रवाळाला वाघाइतकंच वरचं संरक्षण आहे. मासे जवळ यावेत म्हणून पाव-बिस्किटं टाकायला कुणी सांगितलं तर नको म्हणा.

शेवटी पैशाचं. खर्च सोसायटीच्या देखभाल निधीतून करायचा नाही, ज्याचा त्यानं द्यायचा. बसचं भाडं माणसं कमी झाली म्हणून कमी होत नाही, म्हणून बस भरली पाहिजे. खोल्यांचे दर आडदिवशी खाली येतात आणि बोलून आणखी कमी होतात. सुट्टीत गेलो असतो तर आपल्यातली काही घरं गप्प बसली असती, अडचण सांगून मोकळी झाली असती, खरं कारण कुणी बोललं नसतं. आडदिवशी गेलो तर तीही येतील. वर्गणी चार हप्त्यांत घेऊ. आणि ज्या ज्येष्ठांनी समुद्र बघितलेला नाही त्यांच्या जागा बसमध्ये पुढच्या बाजूला, आधी लिहायच्या. यादी त्यांच्या नावांनी सुरू होईल.

ज्या मामांनी मला पाण्यावरून टोमणा मारला, त्यांचं नाव मी पहिलंच लिहिलं आहे. ते इथंच बसलेत आणि अजून नको म्हणालेले नाहीत. बाकीच्यांनी आपली नावं, वय आणि आजार असल्यास तो, येत्या रविवारपर्यंत सचिवांकडं द्यावीत. पाण्यात उतरणार की किल्ल्यात थांबणार, तेही लिहावं.



जय सहकार!